बंदूक साफ करण्याची साधने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नळ्या गोळ्या झाडून जितक्या खराब होतात, त्याहून जास्त खराब होतात गंजाने आणि चुकीच्या गजाने, म्हणजे नळी पुसायच्या दांडीने. म्हणून इथे घासण्यापेक्षा कोरडेपणावर आणि गजावर जास्त लिहिले आहे. ही माहिती परवानाधारक शेतकऱ्यांसाठी आणि नेमबाजांसाठी आहे: बारा बोअर दुनळी-एकनळी, .२२ रायफल, .३१५ सारख्या मोठ्या रायफली, दहा मीटरच्या एअर रायफल-पिस्तूल आणि कोकणात अजूनही दिसणारी ठासणीची बंदूक.

साफ करायला बसण्याआधी काय तपासायचे?

बंदूक रिकामी आहे का, ते. मॅगझिन काढा, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. दुनळी असेल तर बिजागरीवर मोडून (उघडून) दोन्ही चेंबर बघा. काडतुसे त्या खोलीत ठेवूच नका. खिशातलीही बाहेर काढा. मॅगझिन आधी, चेंबर नंतर, हा क्रम उलटा केला तर चेंबर रिकामे करून बोल्ट पुढे नेताना मॅगझिनमधले काडतूस परत आत जाते.

ठासणीच्या बंदुकीत डोळ्यांनी काहीच कळत नाही. तिथे गज तोंडातून तळापर्यंत सोडा, तोंडापाशी गजावर खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून धरा. गजाचे टोक टोपी बसते त्या निपलच्या जवळपास यायला हवे. चार बोटे आधीच थांबले तर आत बार भरलेला आहे किंवा काहीतरी अडकले आहे. अशी बंदूक घरी ठोकून, तापवून मोकळी करू नका. परवानाधारक कारागिराकडे न्या.

कमीत कमी कोणती साधने घ्यावीत?

एक चांगला गज, आपल्या बोअरचा (नळीच्या आतल्या मापाचा) जॅग, म्हणजे गजाच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा, एक फॉस्फर-ब्राँझचा ब्रश, सुती चिंध्या, एक सॉल्व्हंट (काजळी सोडवणारा द्रव), एक पातळ तेल, जुना टूथब्रश. बस्स. वीस-पंचवीस तुकड्यांची चकचकीत पेटी स्वस्तात मिळते, पण तिच्यातला गज तीन-चार तुकड्यांचा, मऊ ॲल्युमिनियमचा असतो आणि उरलेल्या ब्रशांपैकी एकच आपल्या बोअरचा निघतो. पैसे गजावर घाला. बाकीचे हळूहळू जमवता येते.

रायफल असेल तर दुसरी खरेदी बोअर गाइडची करा. बोल्ट काढून त्याच्या जागी ही नळी बसते. तिच्यामुळे गज मधोमध राहतो आणि सॉल्व्हंट चापाच्या यंत्रणेत किंवा दस्त्याच्या लाकडात उतरत नाही.

गज कोणत्या धातूचा घ्यावा?

रायफलसाठी एकसंध गज घ्या, मग तो प्लॅस्टिकचा थर दिलेल्या पोलादाचा असो किंवा कार्बन फायबरचा. जोडगजाच्या प्रत्येक सांध्याला बारीकशी कड असते. गज वाकला की ती नळीच्या आतल्या पिळाच्या आट्यांवर घासते. ॲल्युमिनियम मऊ असल्याने त्यात वाळूचे कण, जळक्या दारूची काजळी रुतून बसते आणि गजाचा कानस होतो. पितळ त्यापेक्षा बरे, पण बारीक व्यासाचा पितळी गज सहज वाकतो. थर दिलेला किंवा कार्बनचा गजही दर फेरीनंतर पुसावा लागतो, कारण घाण चिकटली की तोही कोरतो.

मूठ बॉल-बेअरिंगवर फिरणारी हवी. नळीतले आटे पिळाचे असतात. गज त्यांच्याबरोबर फिरला नाही तर ब्रश आट्यांवरून आडवा घसरतो आणि गजाचे स्क्रूही सैल होतात.

व्यासाचा अंदाज असा: .२२ बोअरला (५.६ मिमी) साधारण ५ मिमीचा गज, ४.५ मिमीच्या एअर रायफलला ४ मिमीच्या आतबाहेरचा. बारीक बोअरचा गज मोठ्या नळीत चालतो, पण लवतो. लांबी म्हणाल तर नळी, बोल्टची जागा आणि वर वीतभर. बारा बोअरचे बोअर सुमारे १८.५ मिमी आणि आतून गुळगुळीत, त्यामुळे तिथे तीन तुकड्यांचा लाकडी गजही बिनधास्त चालतो.

ब्रश गजाला बसतच नाही. असे का होते?

दोघांचे स्क्रूचे आटे वेगळे असतात. अमेरिकी मापात .२२ ते .४५ पर्यंतच्या गजांना बहुतेक ८-३२ चे आटे असतात, .१७ ला ५-४० आणि शॉटगनला ५/१६-२७. युरोपी गज बरेचदा मेट्रिक मापाचे असतात. जबरदस्तीने फिरवलेला ब्रश दोन वळसे घेतो आणि नेमका नळीत सुटतो. दुकानात जाताना गज बरोबर न्या.

नळी मागूनच का साफ करायची?

तोंडाची कड, म्हणजे क्राउन, ही गोळी सुटताना तिला शेवटची शिवते. ती एका बाजूने जरा जरी घासली गेली तरी गोळीमागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी तिरकी होते. तोंडातून गज घातला की तो पहिल्यांदा क्राउनवरच घासतो. शिवाय सगळी घाण चापाच्या यंत्रणेत ढकलली जाते.

रिव्हॉल्व्हर, ठासणीची बंदूक आणि काही अर्धस्वयंचलित .२२ रायफली मागून उघडत नाहीत. तिथे तोंडावर बसणारा पितळी किंवा प्लॅस्टिकचा शंकू वापरा, नाहीतर (ठासणीची बंदूक सोडून) दोरीचा पुल-थ्रू घ्या. लष्करी पुल-थ्रूत वजनाचा पितळी तुकडा मागून सोडून दोरी तोंडातून ओढतात. ओढताना दोरी तोंडाच्या कडेला टेकू द्यायची नाही, सरळ रेषेत ओढायची. दोरीनेही क्राउनला खाच पडते, जुन्या .३०३ रायफलींच्या तोंडाशी अशी झीज दिसते.

ब्रश किती वेळा आणि कोणता?

गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीला फॉस्फर-ब्राँझ, चेंबरच्या बाहेरच्या भागांना नायलॉन. स्टीलचा ब्रश नळीत नको, कितीही मऊ म्हणून विकला तरी.

ब्रश पूर्ण तोंडाबाहेर निघाल्यावरच मागे घ्या. मधेच उलटा फिरवला तर तारा दुमडतात, ब्रश अडकतो आणि आट्यांत रुततो. अशा आठ-दहा फेऱ्या पुरतात. ब्रश सॉल्व्हंटच्या बाटलीत बुडवू नका. पहिल्याच दिवशी अख्खी बाटली काळी होते आणि पुढच्या वेळी तीच काजळी आपण परत नळीत घालतो. ड्रॉपरने थेंब सोडा.

चिंध्या कशाच्या आणि केवढ्या?

सुती. जुना बनियन, धोतर, फ्लॅनेल उत्तम. टेरिकॉट किंवा नायलॉन काहीच शोषत नाही. कोरे कापड असेल तर आधी धुऊन खळ काढा, नाहीतर सॉल्व्हंटबरोबर खळीचा लगदा आत बसतो. कडांचे दोरे निघत असतील तर कात्रीने साफ करा. सुटलेला एक दोरा चापात जाऊन बसला की शोधताना नाकी नऊ येतात.

माप: .२२ ला साधारण इंचभर चौकोन, .३१५ किंवा .३०-०६ ला दीड इंच, बारा बोअरला तीन इंच. सैन्यात .३०३ साठी पुसायची चिंधी ४ इंच बाय २ इंच आणि तेलाची ४ बाय दीड, असा धडा असे; तेलाची थोडी अरुंद, म्हणजे घट्ट बसून तेल पिळून निघत नाही. नवीन चिंधी अंगठ्याच्या दाबाने पुढे सरकली पाहिजे. तळहाताने ठोकावी लागत असेल तर ती मोठी आहे, तिथेच मागे घ्या.

रॉकेल, खोबरेल, शिलाई मशीनचे तेल: घरातले काय चालेल?

रॉकेल काजळी सोडवते, पण मागे संरक्षक थर ठेवत नाही. रॉकेलने पुसून तशीच ठेवलेली नळी पावसाळ्यात लाल होते. वापरलेच तर नंतर पूर्ण कोरडे करून तेल लावा.

खोबरेल नको. ते २४-२५ अंशांखाली थिजते, म्हणजे पुण्या-नाशकाच्या थंडीत फायरिंग पिनचा मार्गच घट्ट होतो. पुढे ते खवटते आणि चिकटते. गोडेतेल, करडई, मोहरी, जवस यांचा हवेत चिकट थर बनतो. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल ठीक आहे, पण त्याचे बोळे चुरगळून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उलगडून बाहेर वाळवा.

शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल हलत्या भागांना आणि थोड्या दिवसांसाठी चांगले. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला उत्तम, म्हणून पावसात भिजून आल्यावर आधी ते आणि त्यावर खरे तेल. एकट्यावर महिनोन्महिने भरवसा ठेवू नका.

बारा बोअर साफ करण्याचा क्रम सांगा.

दुनळी असेल तर पुढचे लाकूड काढून नळ्या वेगळ्या करा. नळ्यांत ओली चिंधी फिरवून पाच-दहा मिनिटे थांबा. काम सॉल्व्हंटला करू द्या, मनगटाला नाही. मग ब्रशच्या आठ-दहा फेऱ्या, पुन्हा दोन ओल्या चिंध्या, मग चिंधी पांढरी येईपर्यंत कोरड्या. उजेडाकडे धरून बघा. चेंबरच्या लगेच पुढे, जिथे नळी निमुळती होते तिथे, राखाडी पट्टे दिसले तर ते शिसे. लांबट चमकदार डाग दिसले तर काडतुसातल्या प्लॅस्टिकच्या वॉडचा थर. दोन्ही ठिकाणी ब्रश पुन्हा लागतो. चेंबर बोअरपेक्षा रुंद असतो, म्हणून त्याला वेगळा मोठा ब्रश हवा. नेहमीचा ब्रश चेंबरला नुसता गुदगुल्या करून जातो आणि मग काडतूस निघेनासे झाले की लोक एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याला, दोष देतात.

शेवटी तीन-चार थेंब तेलाची चिंधी. बिजागरीच्या खुंटीला ज्वारीच्या दाण्याएवढे ग्रीस. सुटा चोक (नळीच्या तोंडात बसणारा निमुळता तुकडा) असेल तर दर वेळी काढा, त्याचे आटे पुसा, ग्रीसचा हात द्या आणि घट्ट बसवा. सैल चोकवर, किंवा चोक न लावता, बार काढला की नळीचे आटे कायमचे खराब होतात.

.२२ रायफल दर सरावानंतर साफ करायची का?

नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तिथे हीच .२२ चालते. तिची गोळी तांब्याचे आवरण नसलेल्या शिशाची, वरून मेणाचा हात दिलेली. त्या मेणाचा पातळ थर नळीत बसला की गट जुळतो, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ पडतात. अगदी लख्ख नळीचे पहिले पाच-वीस नेम इकडे-तिकडे जातात. स्पर्धेच्या आदल्या रात्री घासून पुसून, सकाळी थेट रेकॉर्डच्या गोळ्या झाडायला बसणे हा हमखास गुण घालवायचा मार्ग आहे. साफ केलीच असेल तर सरावाच्या वेळात दहा-पंधरा गोळ्या त्यासाठी ठेवा.

मात्र चेंबरच्या तोंडाशी काजळीचे कडक कडे धरते, ते काढलेच पाहिजे. काडतूस शेवटच्या दोन मिलिमीटरला घट्ट जाऊ लागले, की ते आले समजा. कड्यावर सॉल्व्हंटची चिंधी दहा मिनिटे धरून मग ब्रश त्याच जागी फिरवा. सगळी नळी घासायची गरज नाही. बोल्टचे तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरचा आकडा मात्र प्रत्येक सरावानंतर टूथब्रशने.

.३१५ किंवा .३०-०६ ला वेगळे काय?

तांबे. आवरणाच्या गोळीचे तांबे आट्यांवर बसते आणि साध्या सॉल्व्हंटने हलत नाही. त्यासाठी अमोनियाचे तांबे-सॉल्व्हंट लागते. चिंधी निळी-हिरवी आली म्हणजे तांबे निघते आहे. इथे ब्रश आणि जॅग नायलॉनचे घ्या. ब्राँझ-पितळ असेल तर सॉल्व्हंट त्यालाच खाते, चिंधी शेवटपर्यंत निळी येते आणि माणूस नाहक घासत बसतो. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त आत ठेवू नका, रात्रभर तर नाहीच. आधी काजळी काढा, मग तांबे. दोन सॉल्व्हंट एकत्र करू नका.

जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचे. त्याचे जळून मीठ होते आणि मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. नळीला कितीही तेल लावा, खाली गंज चालूच. म्हणून गरम पाण्याची चिंधी आधी, मग कोरडे, मग तेल.

एअर रायफलला हीच साधने चालतील?

जवळजवळ कुठलेच नाही. ब्राँझ ब्रश आणि सॉल्व्हंट दूर ठेवा. इथे जळकी दारू नसतेच, फक्त शिशाचा पातळ थर असतो. ४.५ मिमीच्या फेल्टच्या गोळ्या घ्या. पेलेटची ५०० ची डबी संपली की मागून दोन-तीन फेल्ट सारून काढा. प्रीचार्ज्ड (सिलिंडरमध्ये आधीच दाबाची हवा भरलेल्या) रायफलमध्ये त्या हवेने झाडताही येतात. स्प्रिंग-पिस्टनच्या बंदुकीत मात्र कधीही झाडू नका: फेल्ट हलका, समोर हवेची उशी तयार होत नाही आणि पिस्टन थेट टोकावर आदळतो. तिथे मासेमारीच्या जाड नायलॉन दोरीचा फास करून, त्यात चिंधी घालून मागून पुढे ओढा. नळी जेमतेम मागचे तोंड उघडे पडेल इतकीच मोडा, पूर्ण ताणू नका आणि हात सोडू नका; ती फटकन परत येते आणि बोटे सापडतात.

खनिज तेल हवेच्या वाटेत गेले तर दाबाखाली पेट घेते. स्प्रिंगच्या बंदुकीत त्याने धूर आणि धडाका होतो. २०० बारच्या सिलिंडरपाशी तर हा खेळच नको. ओ-रिंगला फक्त उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीस. सिलिंडरवरची मुदतही तेव्हाच बघून घ्या; मुदत संपलेला सिलिंडर साफ करायचा नसतो, बदलायचा असतो.

ठासणीच्या बंदुकीला तेल लावून चालत नाही का?

काळ्या दारूची राख क्षारांची असते आणि ती हवेतले पाणी ओढते. वर तेल ओतले तर डांबरासारखा लगदा होतो. त्याच दिवशी, रात्र उलटू न देता, कोमट-गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून धुवा. उकळते पाणी नको. त्याने नळी वाळते लवकर, पण आत लगेच लाल छटा येते. पाणी स्वच्छ येईपर्यंत चिंध्या, मग कोरड्या, मग नळी हाताला थोडी ऊबदार असतानाच तेल. निपल पान्याने काढून वेगळा धुवा, आट्यांना ग्रीस लावून बसवा. पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल पुसून काढा, नाहीतर दारू ओली होते आणि बार फुसका जातो.

पावसाळ्यात बंदूक कशी ठेवावी?

चामड्याच्या म्यानात नको, फोमच्या पेटीत नको. दोन्ही ओल धरतात आणि चामड्यातले क्षार पोलादाला खातात. पेट्या वाहतुकीसाठी आहेत. कुलूपबंद लोखंडी कपाटात, भिंतीला न टेकवता, तोंड खाली करून ठेवा. तोंड वर करून ठेवली तर जादा तेल उतरून दस्त्याच्या डोक्यात मुरते, लाकूड मऊ पडते आणि काही वर्षांनी तिथेच तडकते.

सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी हिरवट झाले की त्यांचे पोट भरले. १२० अंशांवर दीड-दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, त्यामुळे स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला कपाट उघडून पुसा, इतर वेळी महिन्यातून एकदा. एसी गाडीतून उतरवलेल्या बंदुकीवर दव धरते. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग पुसा, मग तेल. दवावर लावलेले तेल पाणीच आत कोंडते.

निवडणुकीत बंदूक जमा करायची आहे. आधी काय करावे?

ती काही आठवडे कोणी पुसणार नाही, असे धरून चला. नळी पूर्ण साफ करून नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात द्या, बाहेरून तेलकट कापड फिरवा. बंदुकीवरचा क्रमांक आणि तिची अवस्था यांचे फोटो काढून ठेवा, पावतीवर क्रमांक जुळवून घ्या. परत मिळाल्यावर पहिला बार काढण्याआधी नळीतले तेल कोरड्या चिंधीने काढलेच पाहिजे, आणि उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते बघितलेच पाहिजे. कुंभारमाशी मोकळ्या तोंडात मातीचे घर करते.

खंडेनवमीच्या पूजेनंतर डाग पडतात. उपाय?

पूजा करा, पण गंध, हळद-कुंकू आणि फुलांतले पाणी थेट धातूवर रात्रभर राहू देऊ नका. आधी तेलाचा हात द्यावा, बोट दस्त्याच्या लाकडाला किंवा खाली अंथरलेल्या कापडाला लावावे. आरती झाल्यावर ओलसर कापडाने कुंकू, मग कोरडे, मग तेल. सगळ्यांनी नमस्कार करून हात लावलेला असतो आणि घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत गंजाच्या नक्षीत उमटतात.

गंजाचे ठिपके आलेत. पॉलिश पेपर मारू का?

नको. तेलात भिजवलेले ब्राँझ वूल, नसेल तर ०००० नंबरचे स्टील वूल, हलक्या हाताने. निळाईचा थर हाही एक प्रकारचा ऑक्साइडच असतो, त्यामुळे गंज खाणारे व्हिनेगर, लिंबू, चिंच, पितळेची भांडी उजळायची पावडर, सगळे त्यालाही खातात. ठिपका निघाला पण खड्डा राहिला, तर बाहेर असल्यास तेल लावून गप्प बसा. चेंबरमध्ये असल्यास कारागिराला दाखवा.

चिंधी नळीत अडकली तर?

पुढे ठोकू नका. ज्या बाजूने घातली तिकडेच काढा. थोडे पातळ तेल सोडून तासभर थांबा, मग उलट बाजूने पूर्ण बोअरचा चपट्या टोकाचा गज लावून हळूहळू ढकला. तरीही हलत नसेल तर कारागीर. झाडून काढायचा विचारही नको, नळी फाटते.

शिशाची भीती किती खरी?

पूर्ण खरी. काडतुसाच्या टोपीतही शिशाचे संयुग असते आणि ते काजळीत उतरते. नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी, जेवणाचे टेबल सोडून दुसरी जागा. चहा-तंबाखू नंतर. हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा. कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. सॉल्व्हंटचा वास घरभर फिरतो आणि तो पेटतोही, म्हणून देवघरातली समई विझेपर्यंत दुसऱ्या खोलीत बसणे बरे.

किती खोलून साफ करावी?

बोल्ट, मॅगझिन, नळी, पुढचे लाकूड इथवर. दुनळीची बाजूची लॉक (घोडा-चापाची यंत्रणा) खोलू नका. साधा स्क्रूड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा निमुळता असतो, बंदुकीच्या अरुंद खाचेत तो वरच्या कडेवर बसतो आणि खाच फाडतो. तिथे समांतर टोकाचा, नेमक्या रुंदीचाच लागतो. आत घाण गेल्याची शंका असेल तर वर्ष-दोन वर्षांतून एकदा परवानाधारक कारागिराकडून साफ करून घ्या. बरोबर परवाना न्या.